अंगठेबहाद्दर

सोहारच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर
टायरवाल्याच्या मागे एक कॅफेटेरिया आहे.
महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आम्ही सातजण तिथे जमतो.
सगळे मनुष्यबळवाले.
कंपन्या एकमेकींच्या टेंडरवर टपलेल्या,
आणि आम्ही एकाच ताटलीतला पराठा तोडतो.

सुरुवात एका फोनने झाली.
थँकच्चन तेव्हा नवा होता.
रात्री दीड वाजता म्हणाला,
मॅडम, माणूस परत पाठवायचा तर पहिला कागद कुठला?
जिवंत माणूस नव्हे, हे त्याच्या आवाजावरून कळलं.

मला ठाऊक होतं.
आदल्या वर्षी तोच कागद शोधत
मी एकटी अकरा दिवस फिरले होते.
अंथरुणात बसूनच सांगितलं,
कुठला शिक्का आधी, कुठल्या खिडकीतली बाई
मान वर करून बोलते,
आणि कुठल्याच यादीत नसलेलं एक :
घरी फोन भावाला कर.
बातमी सांगून झाली की लगेच ठेवू नकोस,
पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारतंच.

मग शम्सा आली, अल् बलूशी,
कायद्याचं कलम तोंडपाठ आणि हसणं गडगडाटी.
झुल्फिकार मिराणी आला, जो शिकवायला उभा राहिला
की आधी दाराजवळच्या माणसाला नाव विचारतो.
रोझालिंडा आली. ती चहात साखर घालत नाही
आणि शब्दांतही.

जूनमध्ये मी उन्हाचं प्रशिक्षण घेतलं.
ऐंशी माणसं, पाच भाषा, छत्तीस स्लाइड.
पाणी किती, केव्हा, कसं.
शेवटी म्हटलं, कुणाला काही शंका?
शंका नसतातच कधी.
पण मागून एक हात वर झाला :
पाण्याचं समजलं, मॅडम.
लघवीला कुठे जायचं?
संडास पलीकडच्या गेटला. जाऊन यायला वीस मिनिटं.
फोरमन घड्याळ बघतो.
म्हणून कुणी पीत नाही.

सदतिसावी स्लाइड माझ्याकडे नव्हती.

गुरुवारी मी हे सांगितलं तेव्हा
आधी सगळे हसले, मग एकेकजण गप्प झाला.
रोझालिंडाने पेपर नॅपकिनवर
आपल्या साइटचा नकाशा काढून बघितला.
ऑगस्टपर्यंत तीन ठिकाणी केबिन हलल्या.
चौथ्या ठिकाणी अजून फाइल हलते आहे.

ज्याने हात वर केला तो हर्कबहादूर तामांग.
फरशीवाला.
आमच्या ऑफिसातली जमीन त्यानेच बसवली,
आणि ती बसवत असताना नऊ दिवस
मशीनने त्याला गैरहजर मांडला.
सिमेंटने बोटांवरच्या रेषा खाल्ल्या होत्या.
अंगठा टेकवला की लाल दिवा,
पुन्हा प्रयत्न करा.
पुसून, थुंकी लावून, दुसरा अंगठा,
पुन्हा प्रयत्न करा.

आमच्याकडे न शिकलेल्याला
अंगठेबहाद्दर म्हणायची पद्धत होती.
इथे मी एम.ए., वर मनुष्यबळाचा डिप्लोमा,
रोज सकाळी सातला अंगठा उठवते
आणि मशीन मला लगेच ओळखतं.

त्याच्यासाठी मी दुकानातून एक वही आणली.
उभ्या रेघा मारल्या, तारीख, वेळ, सही.
म्हटलं, जमेल?
त्याने पेन झटकलं, वही तिरकी धरली
आणि सावकाश लिहिलं,
ह, र, क.
मला वाटलं होतं विचारावं लागेल काय लिहिलंस.
पण ही तर माझीच बाराखडी,
शिरोरेघ जरा जास्त लांब,
फरशीची दोरी धरावी तशी सरळ.

नऊ दिवसांचे पैसे मिळायला दोन महिने लागले.

वही अजून आहे. आता तिच्यात एकोणीस नावं आहेत.
मागच्या गुरुवारी शम्सा म्हणाली,
कुठून आणलीस? मलाही एक हवी.
थँकच्चन म्हणाला, मला दोन.
चहा येईपर्यंत आम्ही
वह्यांचा हिशेब करत होतो.